वाट वाकडी करून पाहिलेलें कोथरूड

मोठ्या शहरांत नव्यानें राहावयास आलेल्या मनुष्यास वाण्याचें दुकान, दवाखाना, मंडई व बसचा थांबा एवढीं चार ठिकाणें पाठ झालीं, कीं त्याचा संसार चालूं लागतो. परंतु त्याचा जीव त्या शहरांत रुजतोच असें नाहीं. दापोली तालुक्यांतील शाळेंतून निवृत्त होऊन आम्ही मुलाच्या बिऱ्हाडीं कोथरूडास आलों, तेव्हां आमचीहि अवस्था तीच होती. सूनबाई मायाळू, नातवंडें गोड. पण ज्याचा जन्म अंगणांत गेला, त्यास तिसऱ्या मजल्यावरील सज्जा किती दिवस पुरणार?

मेघदूतांतील यक्ष मेघास सांगतो कीं, वाट वाकडी झाली तरी उज्जयिनी पाहिल्यावांचून पुढें जाऊं नकोस. हें आम्हीं विद्यार्थ्यांना कित्येकदां समजावून दिलें होतें. आतां स्वतःच तसें वागावयाचें ठरविलें. रोज सकाळीं फिरावयास निघावें, आणि परततांना एक तरी अनोळखी वळण घ्यावें.

या नेमानें आम्हांस पुष्कळ दिलें. 2022 सालीं वनाजपासून मेट्रो सुरू झाली. तिच्या खांबांपासून थोडें आंत वळावें, तों गांवठाणाच्या अरुंद गल्ल्या लागतात आणि कोथरूड हें एके काळीं खेडें होतें याची खूण पटते. कर्वे रस्त्याच्या गजबजाटालगत मृत्युंजयेश्वराचें पेशवेकालीन देऊळ आहे. त्याच्या आवारांत शिरतांच वाहनांचा आवाज मागें पडतो. वर टेकडी चढून जावें, तर तेथें म्हातोबाचें राज्य!

परंतु आमच्या मनांत घर केलें तें शेजारच्या कर्वेनगरांतील, म्हणजे जुन्या हिंगण्यांतील, एका झोपडीनें. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं दिलेल्या जागेवर अण्णा कर्वे यांनीं विधवांच्या आश्रमासाठीं 1900 सालीं ती उभारली. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून ते येथवर पायीं येत. ही झोपडी संस्थेनें आजहि जपून ठेविली आहे.

अण्णा मूळचे आमच्याच तालुक्यांतील मुरूडचे. 1893 सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केला, म्हणून गांवानें त्यांस वाळींत टाकिलें. त्या झोपडीपुढें उभे असतां आम्हांस आमच्या आजीची धाकटी बहीण आठवली. बाराव्या वर्षीं कपाळ पांढरें होऊन ती आमच्या घरीं आली, ती कायमचीच. तिला स्तोत्रें शेंकड्यांनीं मुखोद्गत होतीं. अक्षर मात्र एकहि येत नव्हतें. माहेरचें पत्र आलें, कीं पदरानें डोकें सांवरीत ती तें आम्हां मुलांपुढें धरी. "वाच रे बाळा, पण हळू वाच," म्हणे. ती विधवा झाली, तेव्हां हें दार उघडून कांहीं वर्षें लोटलीं होतीं. तें उघडणारा पुरुष आमच्याच मुलखांतला होता. आणि आमच्या घरांतून तिला कोणी येथें पोंचविलें नाहीं.

पुढच्या रविवारीं आम्हीं नातीस तेथें नेलें आणि तिला त्या आजीची हकीकत सांगितली. तिनें विचारलें, "आजोबा, मग त्या आजी इथें शिकायला कां आल्या नाहींत?"

उत्तर आमच्यापाशीं होतें. पण तें सात वर्षांच्या मुलीस कसें सांगावें, हें सुचेना. ती थोडी मोठी झाली म्हणजे सांगूं. सांगावयाचें आहे, एवढें मात्र नक्की.