देवीचे नाव आणि लिस्बनचे दप्तर

दुकानाच्या पाटीवर देवाचे नाव घालण्याची आपली रीत इतकी जुनी आहे की, तिच्याविषयी शंका घेणारा मनुष्य वकीलच असला पाहिजे, असे कोणीही म्हणेल. आमच्या गोव्यात एकाच रस्त्यावर शांतादुर्गा स्टोअर्स, शांतादुर्गा गॅरेज आणि शांतादुर्गा उपाहारगृह सुखाने नांदतात. ही तिन्ही एकाच मालकाची आहेत, असा समज कोणाचा होत नाही. आणि तिघांपैकी कोणी कोणावर फिर्यादही करीत नाही. देवी सर्वांची आहे, हे इतके गृहीत आहे की ते बोलून दाखवण्याचीही गरज भासत नाही.

हीच पाटी समुद्रापलीकडे नेली म्हणजे काय होते, ते अलीकडे एका पक्षकारामुळे आम्हांस बारकाईने पाहावे लागले. गृहस्थ फोंडा महालातले, एका देवस्थानचे महाजन. घरचा उदबत्तीचा धंदा तिसऱ्या पिढीत आलेला. उदबत्तीला नाव अर्थातच कुलदेवीचे. हा माल काही वर्षांपासून लिस्बनला जातो. तेथे राधाकृष्णाचे मंदिर आहे, आणि हिंदू वस्ती बरीच आहे. ती मुख्यत्वे मोझांबिकहून गेलेल्या गुजराती कुटुंबांची. पण गोव्याची माणसेही त्या शहरात आहेत, आणि उदबत्तीचा वास प्रांत पाहत नाही. तेथील विक्रेत्याने एके दिवशी कळवले की, "हे नाव येथे मी माझ्या खर्चाने नोंदवून घेतो, आपण काळजी करू नये." या औदार्यामुळेच गृहस्थांना काळजी उत्पन्न झाली. पत्र आमच्यापुढे ठेवून ते म्हणाले, "वकीलबाब, नांव आमचें न्हय तर कोणाचें?"

प्रश्न साधा नाही. नाव त्यांचे आहे काय, हे प्रथम घरच्याच कायद्याला विचारले पाहिजे. आपला १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा धार्मिक भावना दुखावू शकतील अशा चिन्हांची नोंदणी वर्ज्य मानतो. उदबत्तीपुरता तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१५ चा निर्णयच आहे. पाटण्याच्या एका व्यापाऱ्याला 'रामायण' हा शब्द उदबत्तीसाठी स्वतःचा म्हणून नोंदवून हवा होता. धर्मग्रंथाच्या नुसत्या नावावर कोणा एकाला मिरास सांगता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. देवीच्या नुसत्या नावाची गत याहून फार निराळी होईल, असे आम्हांस वाटत नाही.

परंतु व्यापारचिन्हाचा हक्क देशाच्या वेशीपाशी थांबतो. दुसऱ्या देशात नव्याने दप्तर उघडायचे, नव्याने हक्क सांगायचा. आणि येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. कोणत्याही अर्थाशी न जोडलेला, नव्याने घडवलेला शब्द हे सर्वांत बळकट चिन्ह, असे या शास्त्रात मानतात. लिस्बनच्या अधिकाऱ्याला आपल्या गावच्या देवीचे नाव आपण होऊन कोठून ठाऊक असणार? कोणी हरकत घेऊन ध्यानात आणून दिले तर गोष्ट वेगळी. नाही तर त्याच्या लेखी तो एक सुरेख, बिनअर्थाचा शब्द. घरी जे नाव सर्वांचे म्हणून कोणालाच मिळत नाही, ते तेथे कोणाच्याच ओळखीचे नाही म्हणून सहज मिळून जाण्याचा संभव आहे!

मग विक्रेत्याच्या आधी आपणच ते घ्यावे काय? पक्षकारांचा कल तिकडेच होता. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, उद्या कारवारचा दुसरा भक्त त्याच देवीच्या नावाने कुंकवाच्या डब्या तेथे घेऊन गेला, तर त्याला नोटीस कोणी द्यायची? माल आणि सेवा यांचे मिळून ४५ वर्ग आंतरराष्ट्रीय यादीत केलेले आहेत. उदबत्ती तिसऱ्या वर्गात पडते, साबण आणि दंतमंजनाच्या पंक्तीला. सौंदर्यप्रसाधनेही त्यातच, आणि कुंकू तेथेच जाऊन बसणार. नोटीस आमच्या पक्षकारांच्याच सहीने निघाली असती. देवळात ज्याच्या शेजारी बसून आरती म्हणायची त्याला लिस्बनमध्ये देवीचे नाव घेण्याची मनाई करायची! गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत.

शिवाय नोंदणी करून स्वस्थ बसता येत नाही. दिल्लीच्या 'बुखारा' या भोजनगृहाची कथा यासाठी वाचण्यासारखी आहे. नाव मध्य आशियातल्या शहराचे, मालकी आय.टी.सी. कंपनीची. १९७७ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या या भोजनगृहाची शाखा १९८६ मध्ये न्यूयॉर्कला निघाली, पुढच्या वर्षी शिकागोला निघाली, आणि त्याच १९८७ साली अमेरिकेत नावाची नोंदणीही झाली. न्यूयॉर्कची शाखा १९९१ मध्ये बंद पडली, शिकागोशी असलेला संबंध १९९७ मध्ये संपला. १९९९ मध्ये न्यूयॉर्कला 'बुखारा ग्रिल' उघडले, आणि ते चालवणाऱ्यांत जुन्या बुखारात काम केलेली माणसे होती. कंपनीची तक्रार अशी की, नावच काय, लाकडी फळीवरची पदार्थांची यादी आणि जेवणाऱ्याच्या गळ्यात बांधायचा लाल चौकड्यांचा रुमालही उचलला आहे. २००७ मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने, कंपनीने अमेरिकेत आपला नावावरचा हक्क टाकून दिलेला आहे, असा निर्णय दिला. सतत तीन वर्षे वापर नसला की नाव टाकले असे तेथे प्रथमदर्शनी मानतात. दिल्लीत रोज पंगती उठत होत्या, त्यांचा उपयोग झाला नाही. युरोपात ही मुदत पाच वर्षांची आहे, एवढाच दिलासा.

विक्रेत्याविषयी मात्र कायदा अगदीच आंधळा नाही. मालकाच्या संमतीवाचून त्याच्या प्रतिनिधीने नाव स्वतःकडे नोंदवले, तर विरोध करण्याची सोय पॅरिसच्या करारात आहे. हा करार १८८३ चा. त्या वेळी आमच्यावर राज्य करणारे पोर्तुगाल पहिल्या ११ राष्ट्रांत होते. भारत त्यात आला १९९८ मध्ये. आमच्या आजोळच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यावर 'मार्का रेजिश्तादा' ही अक्षरे आम्ही लहानपणी वाचली होती, त्याची यानिमित्ताने आठवण झाली. पण विरोध करायचा तर मालकी सिद्ध केली पाहिजे, आणि देवीच्या नावाची मालकी कोणत्या कागदाने सिद्ध करणार?

तेव्हा आम्ही सुचवले, आणि चार दिवसांनी त्यांनी मानले, ते असे. आजोबांच्या पेढीचे नाव आणि समईचे चित्र हे चिन्ह. देवीचे नाव पाकिटावर राहील, पण ज्या चरणी व्यवसाय अर्पण आहे तिचे नाव म्हणून, हक्क न सांगता. विक्रेत्याला तसे लेखी कळवले व त्याची लेखी कबुली मागवली. गोव्याचे अर्ज मुंबईच्या कार्यालयात जातात, तेथे प्रथम अर्ज केला. त्याच्या आधारावर आपल्याच कार्यालयामार्फत जिनिव्हाला अर्ज पाठवण्याची सोय २०१३ पासून माद्रिद करारान्वये झाली आहे. मूळ शुल्क रंगरहित चिन्हाला ६५३ स्विस फ्रँक, देशाचे वेगळे. आणि नकार कळवण्यास परक्या देशाला १२ किंवा १८ महिन्यांची मुदत. मुंबईचा अर्ज पहिल्या पाच वर्षांत कोसळला तर लिस्बनची नोंदणीही त्याबरोबर जाते, हे पक्षकारांना दोनदा समजावून सांगावे लागले.

शेवटचा तंटा अक्षरांवरून झाला. चिन्ह देवनागरीत, त्याचे रोमन लिप्यंतर अर्जात द्यावे लागते. आजोबा आपल्या पेढीचे नाव पोर्तुगीज वळणाने लिहीत, 'श'च्या जागी एक्स घालून. लिस्बनला तेच बरोबर वाचता आले असते. परंतु लिप्यंतर अर्जाच्या भाषेतील उच्चाराप्रमाणे असावे, असा नियम आहे. आणि भारतातून जाणारा अर्ज इंग्रजीत असतो. म्हणून आजोबांचा एक्स गेला आणि त्या जागी इंग्रजांची दोन अक्षरे आली. पक्षकारांना ते पटले नाही. पण सही त्यांनी केली.