घडीव असून भागत नाही

जुनं मोठं इंजिन खोलायला आणणारं गिऱ्हाईक एक वाक्य घरूनच ठरवून येतं : ‘मिस्त्री, पैसे लागू द्यात, पण क्रँक फोर्ज्डच टाका.’ होटगीच्या आसपास जुनं मोठं इंजिन म्हणजे टाटाचं ६९२ किंवा ६९७, नाहीतर लेलँडचं ३७०. टाटाचा आकडा सरळ आहे. सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ६९७; स्ट्रोक १२८. लेलँडचा आकडा घनइंचांचा. १९५४ साली टाटाच्या टेल्कोनं डेमलर-बेन्झशी करार केला, त्या घराण्यातली ही टाटाची इंजिनं. त्यांचा मूळ क्रँक घडीवच असतो. म्हणजे गिऱ्हाईक जे मागतंय ते त्याच्या इंजिनात आधीपासून आहे. ते ठेवायचं की काढायचं, एवढंच ठरवायचं असतं.

ओतीव मालाला नावं ठेवून सोलापुरात कोणी जगणार नाही. होटगी रोडवर किर्लोस्कर फेरसची फाउंड्री आहे, आणि प्रिसिजन कंपनीचे ओतीव कॅमशाफ्ट इथून परदेशी जातात. कॅमला घासणं सोसायचं असतं, तिथं चिल्ड बीडच हवं. क्रँकचं दुखणं वेगळं. तो प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि पिळवटतो. तापलेलं पोलाद डायमध्ये दाबलं की त्याचे धागे वेबच्या, म्हणजे पिनींना जोडणाऱ्या बाहूच्या, वळणाबरोबर वळतात, त्यामुळे घडीव क्रँक हे जास्त सोसतो. ओळखायला वेबची बाजू बघावी. घडीव मालावर फ्लॅश कापल्याचा रुंद पट्टा दिसतो, ओतीवावर साच्याच्या सांध्याची बारीक रेघ. हातोडीचा टोला देऊन आवाज ऐकणारेही आहेत. मी ऐकतो, पण त्यावर पैसे लावत नाही.

खरी परीक्षा पिन जिथं वेबला मिळते त्या कोपऱ्यात. तिथं गोलाई हवी, आम्ही तिला रेडियस म्हणतो. तुटलेले क्रँक बहुतेक तिथूनच गेलेले दिसतात : तोंडाचा एक भाग गुळगुळीत, शिंपल्यासारख्या रेघांचा, उरलेला खरबरीत. गुळगुळीत भाग हळूहळू फाटत आलेला असतो, खरबरीत भाग शेवटच्या झटक्यात गेलेला. ग्राइंडिंगवाल्यानं चाकाचा कोपरा नीट ड्रेस केला नाही की रेडियस खाल्ला जातो. मग माल कितीही घडीव असो, ऊस भरलेली गाडी चढाला लागली की भेग तिथूनच सुरू होते. म्हणून मी आधी रेडियस गेज लावतो, मायक्रोमीटर नंतर.

दुसरी गोष्ट कडकपणाची. इंडक्शननं कडक केलेल्या पिनीला काही मिलिमीटरचं कवच असतं. वीस, तीस साइज, म्हणजे इंचाचे तेवढे हजारावे भाग, काढली तरी ते उरतं. नायट्रायडिंगचा थर अर्ध्या मिलिमीटरच्याही आतला. तो घासला की क्रँक परत भट्टीत पाठवावा लागतो, आणि हा खर्च गिऱ्हाइकाला सांगताना जीभ जड होते. पण सांगावाच.

अमेरिकेत शेवरलेच्या जुन्या ४५४ व्ही-एटवाल्यांचाही ‘फोर्ज्डच हवा’ हाच घोळ. १९७० साली त्याच इंजिनाच्या एलएस६ला घडीव क्रँक होता, इतर काही ४५४ना ओतीव, आणि रस्त्यावर चालवायला ओतीवही पुरतो. त्यांची आणखी एक गंमत : ४५४चं बॅलन्सिंग बाहेरच्या वजनावर, म्हणजे पुढच्या डँपरवर आणि फ्लायव्हीलवरही अवलंबून, शेवरलेच्याच ४२७चं सगळं आतल्या आत. फ्लायव्हील बदललं आणि हे विसरलं, तर महागातला क्रँकही इंजिन हादरवतो.

माझं मत विचाराल तर, साइज शिल्लक असलेला, भेग नसलेला मूळ क्रँक हा डब्यातल्या नव्या, चकचकीत, बिननावाच्या ‘फोर्ज्ड’पेक्षा केव्हाही बरा. भेगेसाठी मॅग्नेटिक टेस्ट करून घ्यावी. ती जवळपास होत नसेल तर क्रँक रॉकेलनं भिजवून, कोरडा पुसून खडूची पूड लावतात. भेगेतलं रॉकेल वर झिरपतं. मोठी भेग दिसते, केसाएवढी निसटते, म्हणून भारी गाडीसाठी मी टेस्टवरच अडून बसतो.

आणि हे सगळं ब्लॉक मोजून झाल्यावर. मेन बेअरिंगांची लाइन एका रेषेत नसेल तर सरळ क्रँकही प्रत्येक फेऱ्यात वाकणार. गिऱ्हाईक म्हणतं, ‘अण्णा, ब्लॉकला काय झालंय? क्रँकचं बोला.’ मी लाइनबोअरचा आकडा आधी कागदावर लिहून त्याच्या हातात देतो, क्रँकचा भाव त्याच्या खाली.