फ्रिस्कोतलं पहिलं पिस्तूल

अमेरिकेतल्या भारतीय घरांत सोनं असतं, हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा बऱ्याच जास्त लोकांना ठाऊक आहे. २०१९ साली डेट्रॉइटच्या फेडरल न्यायालयाने टेक्सासमधल्या एका बाईला ३७ वर्षांची शिक्षा सुनावली. २०११ ते २०१४ या काळात तिच्या टोळीने जॉर्जिया, न्यूयॉर्क, ओहायो, मिशिगन आणि टेक्सास या राज्यांत आशियाई आणि भारतीय वंशाच्या लोकांची घरं हेरून दरोडे घातले होते. कोणाच्या घरी जायचं याच्या याद्या बाई करायची आणि माणसं पाठवायची. तोंडं झाकलेले लोक घरात शिरून मुलांदेखत आईबापांना चिकटपट्टीने बांधायचे आणि दागिने, रोकड घेऊन पसार व्हायचे.

डॅलसच्या उत्तरेला असलेल्या फ्रिस्कोत आता भारतीयांची मोठी वस्ती आहे. तिथे माझी भाची राहते. तिच्या मागच्या गल्लीत एका घरी भरदिवसा चोरी झाली आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाणापेक्षा जास्त चर्चा कुलपांची आणि कॅमेऱ्यांची झाली. बायका निघाल्या तेव्हा दोघींनी हळूच सांगितलं, की त्यांच्याकडे पिस्तूल आहे. भाचीला याचं फार आश्चर्य वाटलं. तिच्या नवऱ्याला अजिबात वाटलं नाही. तो वर्षभर हेच म्हणत होता. त्याने मॉडेलही ठरवून ठेवलं होतं: ग्लॉक १९.

"घरात येणारच असेल तर निवडणार मी," भाची म्हणाली. "रात्री काही वाजलं तर जागी मी होते. तू घोरत असतोस."

महाराष्ट्रात हा विषय दुकानात नव्हे, पोलिस आयुक्तांच्या किंवा जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत सुरू होतो. १९५९ चा शस्त्र कायदा, जिवाला धोका असल्याचं पटवून देणं, पोलिसांची चौकशी, शस्त्र हाताळणीचं प्रमाणपत्र. एवढं करून परवाना हातात पडला तरी नाइन एमएमचं पिस्तूल मिळत नाही, कारण तो बोअर, म्हणजे नळीचं ते माप, सामान्य नागरिकाला निषिद्ध. मिळतं ते बहुधा पॉइंट थर्टी-टू. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर कानपूरच्या आयुध कारखान्याने २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्वर काढलं, त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. तेवढ्या पैशात टेक्सासमध्ये तीन चांगली पिस्तुलं येतात, आणि त्यातलं एक घेऊन माणूस तासाभरात दुकानाबाहेर पडू शकतो.

भाची, तिचा नवरा आणि मी गेलो ते दुकान म्हणजे मोठं हार्डवेअरचं दुकान असावं तसं. काचेच्या लांबलचक काउंटरखाली ओळीने पिस्तुलं मांडलेली, मागे भिंतीवर रायफली आणि एका दाराआड गोळीबाराची रेंज. काउंटरमागे साठीचा, शांत माणूस होता. भाचीच्या नवऱ्याने ग्लॉकचं नाव काढलं तशी त्याने मान डोलावली, पण पिस्तूल काही बाहेर काढलं नाही. आधी विचारलं: घरात कोण कोण राहतं? मुलं केवढी? आणि हे पिस्तूल रात्री कुठे झोपणार? या तिसऱ्या प्रश्नाला दोघांकडेही उत्तर नव्हतं. चौदा वर्षांचा मुलगा आहे एवढं भाचीने सांगितलं आणि माणसाने पुन्हा मान डोलावली.

मग त्याने बऱ्याच ठिकाणी नवख्या बाईच्या हातात पहिल्यांदा जे ठेवतात तेच काढलं: आखूड नळीचं, पाच गोळ्यांचं, पॉइंट थर्टी-एटचं छोटं रिव्हॉल्वर. वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. पर्समध्ये मावेल असं. भाचीचा चेहरा उजळला. "हे घेऊ नका," तो म्हणाला. शस्त्र जेवढं हलकं तेवढा त्याचा धक्का हाताला जास्त बसतो, कारण तो झेलायला शस्त्राचं स्वतःचं वजनच नसतं. शिवाय असल्या रिव्हॉल्वरचा चाप ओढायला पाच किलोच्या वर जोर लागतो. बोट एवढं झगडलं की नळी हलते आणि नेम जातो. छोटं ते बायकांसाठी, हा समज किती चुकीचा आहे, ते त्याने असं दोन मिनिटांत दाखवून दिलं. त्याचं म्हणणं असं, की छोटं पिस्तूल अंगावर बाळगणाऱ्यासाठी असतं. जे घरातच राहणार ते मुठीत पूर्ण बसेल एवढं मोठं असावं.

रिव्हॉल्वरच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच आहे. त्यात अडकण्यासारखं फारसं काही नसतं, गोळी फुटली नाही तर पुन्हा चाप ओढायचा. उलट सेल्फ-लोडिंग पिस्तूल सैल मनगटाने धरलं तर स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, नीट मागे जात नाही आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खाचेतच अडकते. तरीही आज घरासाठी पहिलं पिस्तूल घेणारे बहुतेक लोक नाइन एमएमच्या सेल्फ-लोडिंगकडे वळतात. ग्लॉक १९ मध्ये १५ गोळ्या मावतात आणि चापाला साधारण अडीच किलोचा जोर पुरतो. हे पिस्तूल काढणारे गॅस्टन ग्लॉक हे ऑस्ट्रियातले कारखानदार; पडद्यांचे दांडे आणि सुऱ्या करायचे. पिस्तूल त्यांनी आधी कधी बनवलेलंच नव्हतं. तरी १९८२ साली ऑस्ट्रियाच्या लष्कराने त्यांचंच निवडलं. या माहितीवर भाचीचा नवरा खूश झाला. तिला मात्र त्याची स्लाइड मागे ओढताना घाम फुटला.

काउंटरमागच्या माणसाने तिला एक युक्ती दाखवली. डाव्या हाताने स्लाइड ओढायची नाही. ती घट्ट धरून उजव्या हाताने पिस्तूलच पुढे ढकलायचं. फरक पडला, पण रात्री दोन वाजता घाबरलेल्या अवस्थेत हे जमेल का, असं तिने विचारलं. प्रश्न रास्त होता. मग त्याने स्मिथ अँड वेसनचं शिल्ड ईझी काढलं. त्याची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे, मॅगझिनमध्ये आठ गोळ्या, आणि मुठीच्या मागच्या बाजूला एक पट्टी: तळव्याने ती दाबली गेल्याशिवाय चाप चालत नाही. आधी हे पॉइंट थ्री-एटीमध्ये आलं, २०२० पासून नाइन एमएममध्येही मिळतं.

दोन्ही पिस्तुलं भाड्याने घेऊन रेंजवर चालवून बघायचं ठरलं. इथे मला वगळण्यात आलं. तिथल्या पोराने माझा पासपोर्ट मागितला, त्यातला पर्यटक व्हिसा पाहिला आणि नम्रपणे सांगितलं की सर, तुम्ही काचेच्या अलीकडे बसा. अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक बाळगता येत नाही, आणि रेंजवर भाड्याची हातात घेणं हेही बाळगणंच. पर्यटक, विद्यार्थी, एच-वन-बीवरचे इंजिनिअर, सगळ्यांना हे लागू. ग्रीनकार्डवाल्याला मुभा आहे. व्हिसावाल्यासाठी जे मोजके अपवाद आहेत त्यांतला सगळ्यात चमत्कारिक असा: एखाद्या राज्याचा शिकारीचा परवाना काढला की चालतं. म्हणजे हरणं मारायची तयारी दाखवली तर पिस्तूल, नाहीतर काचेची अलीकडची बाजू. भाची आणि तिचा नवरा वर्षापूर्वीपर्यंत याच रांगेत होते.

काचेतून दिसलं ते असं. सात यार्डांवर कागदी टार्गेट. भाचीची पहिली गोळी कागदाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात, दुसरीही तिथेच, तिसरी कागदाबाहेर. रेंजवर शिकवणाऱ्या बाईने काही न बोलता मॅगझिन घेतलं आणि पाठ वळवून भरलं. पुढच्या वेळी भाचीने चाप ओढला आणि आवाजच झाला नाही, फक्त टक्. पण पिस्तुलाचं तोंड मात्र जोरात खाली गेलेलं स्पष्ट दिसलं. बाईने मध्ये एक खोटं काडतूस घातलं होतं. धक्का बसायच्या आधीच भाचीचा हात तो अडवायला खाली जात होता. नेमाचा दोष नव्हता, भीतीचा होता. हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं. मग खोटी-खरी काडतुसं मिसळून बराच वेळ तेच चाललं आणि हळूहळू भोकं कागदाच्या मध्यावर सरकली. मध्येच एक गरम पुंगळी उडून तिच्या कॉलरच्या आत पडली. तिने किंकाळी फोडली, पण पिस्तूल टार्गेटकडेच रोखलेलं ठेवलं. बाईने तिची पाठ थोपटली ती त्या दिवशी तेवढ्या एकाच गोष्टीसाठी.

गोळी कोणती, यावर काउंटरवर पंधरा मिनिटं गेली. १९८६ साली मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेले. त्यानंतर एफबीआयमध्ये मोठ्या बोअरची लाट आली आणि २०१४ मध्ये एफबीआयच्याच प्रशिक्षण विभागाने पुन्हा नाइन एमएमची शिफारस केली: धक्का कमी, नेम चांगला, गोळ्या जास्त. हे भाचीला पटलं. तिला न पटण्यासारखी गोष्ट पुढेच होती. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी पट्ट्यांवर दोन्हीकडून ठोकलेले अर्ध्या इंचाचे जिप्समचे तक्ते. नाइन एमएमची साधी गोळी अशा दोन-तीन भिंती सहज पार करते. घरासाठी सुचवतात ती पोकळ टोकाची गोळी शरीरात पसरून थांबते, पण चुकली तर जिप्सममधून तीही जाते. पुण्यातल्या विटांच्या भिंतीत वाढलेल्या माणसाच्या हे डोक्यातच येत नाही.

त्या संध्याकाळी नवरा-बायको रिकाम्या हातांनी घरभर फिरले. बेडरूमच्या दारातून जिन्याकडे बघायचं आणि रेषेत पुढे काय येतं ते पाहायचं. जिन्यापलीकडे मुलाची खोली होती, पलंगाची उशाकडची बाजू बरोबर त्याच भिंतीला. पलंग दुसऱ्या भिंतीला हलवला आणि ठरलं, की रात्री काही वाजलं तर खाली शोधत जायचं नाही. मुलाला आपल्या खोलीत घ्यायचं, दार लावायचं, ९११ ला फोन करायचा, आणि पिस्तूल फक्त त्या दारातून कोणी आत आलं तर. माझ्या मते पिस्तूल निवडण्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग दुकानात नाही, तिथे झाला.

राहिला मुलगा. टेक्सासच्या कायद्यात निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो गुन्हा आहे. पण भाचीला कायद्यापेक्षा आकड्यांनी जास्त अस्वस्थ केलं. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या. कॅलिफोर्नियातल्या अडीच कोटींहून जास्त लोकांचा अभ्यास २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला: पिस्तूल असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्येचं प्रमाण पिस्तूल नसलेल्यांच्या आठपट आणि बायकांत पस्तीसपट. चोर येण्याची शक्यता एकीकडे आणि घरातल्याच कोणाचा तरी एखादा वाईट दिवस दुसरीकडे. "मग नकोच," असं ती दोन दिवस म्हणत होती. नवऱ्याने वाद घातला नाही, हे त्याचं शहाणपण.

शेवटी पिस्तूल आलं. शिल्ड ईझी, नाइन एमएम. फॉर्म ४४७३ भरताना तिला ग्रीनकार्डचा नंबर, स्वतःसाठीच घेताय का, कधी गंभीर गुन्हा किंवा घरगुती हिंसाचाराची शिक्षा झाली आहे का, अशा प्रश्नांची उत्तरं द्यावी लागली. गांजाच्या प्रश्नाखाली तर छापलेलंच असतं, की तुमच्या राज्याने परवानगी दिली असली तरी फेडरल कायदा देत नाही. एफबीआयची तपासणी काही मिनिटांत पार पडली. त्याच दिवशी बोटांनी बटणं दाबून उघडणारी छोटी तिजोरी घेतली आणि ती पलंगाशेजारी जमिनीला बोल्टने पक्की केली. आकडे फक्त दोघांना माहीत. मुलाला पिस्तूल दाखवलं, नाव सांगितलं, ते कुठे आहे हेही सांगितलं. लपवालपवीचा उपयोग नसतो, असं शिकवणाऱ्या बाईने बजावलं होतं. महिन्यातून एकदा भाची रेंजवर जाते. आणि सोनं? मंगळसूत्र आणि दोन बांगड्या सोडून सगळं बँकेच्या लॉकरमध्ये गेलं. ज्या गोष्टीसाठी चोर येणार ती घरात नाही, एवढ्या साध्या उपायाला हळदीकुंकवात कोणीच महत्त्व दिलं नव्हतं.

अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या वाचकांना एक विनंती. टेक्सासमध्ये कोणी ना कोणी तुम्हाला रेंजवर नेईल, हौसेने पिस्तूल पुढे करील, आणि माझा तपासला तसा पासपोर्ट सगळीकडे तपासला जाईलच असं नाही. पर्यटक व्हिसावर असाल तर फोटोपुरतंही ते हातात घेऊ नका. पकडलं गेलं तर हा फेडरल गुन्हा आहे, त्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि व्हिसा जातो तो वेगळाच.