आबांच्या सायकलीचा माग

मंगळवारी संध्याकाळी कल्याणहून परतले, तेव्हा टिटवाळा स्टेशनाबाहेर आबांची सायकल नव्हती. सकाळी मी ती पुलाच्या जिन्याजवळ भिंतीला टेकवून, मागच्या चाकाचं कुलूप लावून गेले होते. किल्ली पर्समध्ये तशीच होती. मंगळवार म्हणजे महागणपतीचा दिवस. हारवाले, दूर्वांच्या जुड्या, देवळाकडे जाणाऱ्या रिक्षांची रांग. त्या गर्दीतून मी तीन वेळा त्याच भिंतीपाशी जाऊन आले. मागचं चाक उचलून धरलं की कुलूपबंद सायकलही कुणीही ढकलत नेऊ शकतो, हे तेव्हा सुचलं.

मी सात वर्षं नेदरलँड्समध्ये उट्रेख्तला राहते. दिवाळीनंतर तीन आठवड्यांसाठी आले होते. आबा जाऊन काही वर्षं झाली. ते मोहन्याला एनआरसीच्या कारखान्यात फिटर होते आणि टिटवाळ्याहून पाळीला सायकलनेच जायचे. काळी अ‍ॅटलस, मधला दांडा आडवा, सीटला आईने शिवलेली रेक्झिनची टोपी. त्या दांड्याखालून पाय घालून मी सायकल शिकले. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 च्या 3 जूनला, नेमका जागतिक सायकल दिनी, बंद पडला. ती बातमी मी उट्रेख्तला वाचली आणि लगेच आईला फोन करून सांगितलं, आबांची सायकल भंगारात देऊ नकोस. तीच सायकल माझ्या हातून गेली.

रात्री दादासोबत पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदारांनी नीट ऐकून घेतलं. पहिला प्रश्न हद्दीचा: भिंत रेल्वेची की बाहेरची? रेल्वेची असेल तर काम रेल्वे पोलिसांचं. दुसरा प्रश्न किमतीचा. मी गप्प बसले. दादा म्हणाला, "भंगारवाला तीनशे देईल."

तिथे मला एक गोष्ट नव्याने कळली. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. चोरीचं कलम 379 होतं, ते आता 303 आहे. पाच हजारांखालच्या मालाची चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र ठरते. म्हणजे एनसी लिहून घेतात, पण मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. ठाण्यांवरचा भार पाहता हे का केलं असेल ते समजतं. तरी मला ते पटत नाही. पाच हजारांखालची सायकल ज्याची जाते, त्याची दुसऱ्या दिवशीची पाळीही तिच्यासोबत जाते. फळेगावाकडून पहाटे दुधाचे कॅन लावून येणारा माणूस डोळ्यासमोर आला. एनसीच्या कागदावर त्याची सकाळ कुठे लिहिणार?

मग अंमलदारांनी विचारलं, "फ्रेम नंबर आहे का?"

हा प्रश्न मी आधी एकदा ऐकला होता, परक्या भाषेत. उट्रेख्तला पहिल्याच हिवाळ्यात घरासमोरून माझी सायकल गेली. साखळी कापून रस्त्यावर टाकलेली. त्या देशात माणसं सुमारे एक कोटी ऐंशी लाख आणि सायकली सव्वादोन कोटींच्या वर. उट्रेख्त स्टेशनाखाली साडेबारा हजार सायकलींचा तीन मजली तळ आहे, पहिले चोवीस तास फुकट. एवढ्या सायकलींत "निळी, टोपलीवाली" सांगून काय होणार? तिथे चोरीच्या सायकलींची देशभराची नोंद ठेवतात. जुनी सायकल घेणारा आधी नंबर टाकून ती चोरीची आहे का ते बघतो. पण नंबर मालकाने दिला तरच तो नोंदीत जातो. मी तो कधी पाहिलाच नव्हता. फॉर्मवरची ती चौकट रिकामी सोडताना फार एकटं वाटलं होतं. परमुलखात आपली वस्तू आपली आहे हे सांगायला आपल्याकडे काहीच नाही, असं.

टिटवाळ्यात मात्र नंबर होता. आईने कपाटातून आबांची 1986 ची डायरी काढली. मागच्या पानावर निळ्या शाईत: सायकल खरेदी, रक्कम, आणि फ्रेमचा नंबर, शेवटचे आकडे 4417. खाली बारीक अक्षरात, "पुढे झाळ, जुलै 2005." सव्वीस जुलैच्या पुरानंतर फ्रेमचा पुढचा सांधा तडकला होता, तो त्यांनी झाळून घेतला होता.

बुधवारी सकाळी भाचीची सायकल घेऊन मी आबांच्या रस्त्याला लागले. चोरलेली जुनी सायकल कुणीतरी चालवणार, आणि चालवली की कधीतरी पंक्चर होणार. म्हणून वाटेतल्या प्रत्येक सायकल मिस्त्रीला विचारायचं ठरवलं.

मांड्यातून बल्याणीकडे चढ लागतो. आबा इथे उतरून चालायचे, मीही उतरले. टेकडीवर चाळी एकमेकींना टेकून वर गेलेल्या, पाण्याचे निळे पिंप दारोदार. पहिल्या मिस्त्रीने मान हलवली. दुसरा म्हणाला, "ताई, आता सगळे गिअरवाले पोरांचे खेळ येतात. काळी सायकल आली असती तर ध्यानात राहिली असती." मोहिलीकडे उल्हास नदीचा गारवा लागला. कल्याण-डोंबिवलीला प्यायचं पाणी देणारं एक शुद्धीकरण केंद्र इथे आहे. रस्त्यावर टँकर, डंपर आणि धूळ. सायकलवाल्याला कडेला जागाच नाही. उट्रेख्तला सायकलींचा लाल रस्ता वेगळा असतो आणि मोटारी थांबून आपल्याला जाऊ देतात. आबांनी हा रस्ता पावसात, रात्रपाळीला, डायनॅमोच्या पिवळ्या उजेडात कसा काढला असेल, ते त्या दिवशी माझ्या पोटऱ्यांना समजलं.

गाळेगावात एका टपरीबाहेर काळी अ‍ॅटलस उभी दिसली. माझा श्वास अडकला. मालक म्हातारे होते, चहा पीत होते. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, स्वतः उठून त्यांनी सायकल आडवी केली. पायडलच्या आसाभोवती फ्रेमची जी आडवी नळी असते, तिच्या पोटावर बहुधा नंबर ठोकलेला असतो. तिथे वंगण आणि मातीचा थर होता. त्यांनी खिशातून नाणं काढून तो खरवडला, मी ओढणीने पुसला. आकडे एकेक करून वर आले. शेवटी 2096. "तुमची नाही पोरी," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ स्वतःच तो नंबर वाचत राहिले. पस्तीस वर्षं सायकल वापरली, नंबर आज पाहिला म्हणाले. मी तो एका चिठ्ठीवर लिहून त्यांना दिला. त्यांनी ती घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली.

मोहन्यात शेवटचं दुकान. दाराशी पाण्याची पाटी, तीत बुडवलेली ट्यूब, बुडबुडे. मिस्त्री पंप मारत होता. मी रंग सांगितला, सीटची टोपी सांगितली, त्याचं लक्ष नव्हतं. "पुढे झाळ आहे," म्हटल्यावर हात थांबला.

"पितळेची? डाव्या अंगाला जाडसर?"

"हो."

"ती माझ्या बापाने मारलीय. पूर ओसरल्यावर आठवडाभर इथे रांग होती. फिटर यायचे ना, घंटी न वाजवता तोंडाने 'ओ' म्हणायचे?"

मला बोलता आलं नाही. आबा तसेच 'ओ' म्हणायचे.

सायकल त्याने पाहिली नव्हती. पण इथून कसाऱ्यापर्यंतच्या चार-पाच मिस्त्रींचे नंबर त्याच्याकडे होते. माझ्यासमोरच त्याने सगळ्यांना डायरीच्या पानाचा फोटो पाठवला. मग दुकानाच्या फळीकडे वळला. तिथे पांढऱ्या रंगाने आधीचे तीन नंबर लिहिलेले होते, एकावर आडवी रेघ. "ही मिळाली," तो म्हणाला, "वासिंदला, आठ महिन्यांनी."

त्याने डबीत ब्रश बुडवला, डायरीतला नंबर एकेक आकडा म्हणत फळीवर उतरवला आणि विचारलं, "पुढे नाव कुणाचं टाकू?"

मी आबांचं सांगितलं.