रंगवलेली डायल

आमच्या घरी घड्याळाला घड्याळ म्हणत नसत. ‘फेवरल्यूबा कुठंय?’ असं बाबा विचारायचे आणि आई देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यातून ते आणून द्यायची. १९६६ साली लग्नात सासऱ्यांनी दिलेलं. या स्विस कंपनीचा हिंदुस्थानाशी व्यापार १८६५ पासूनचा. जावयाला द्यावं तर तेच, अशी आजोबांची समजूत. सकाळी रेडिओवर बातम्या लागल्या की बाबा चावी देत. बारीक कुरकुर व्हायची, चावी घट्ट लागली की बोटं थांबायची. ‘उगाच पिळायचं नाही,’ हे वर आम्हाला.

बाबा गेले आणि ते माझ्याकडे आलं. डायल पिवळी पडली होती. तीनच्या आकड्यापाशी ओलीचा तपकिरी डाग होता, लोकलच्या दारात उभं राहून काढलेल्या पावसाळ्यांचा. मी ते एका दुरुस्तीवाल्याकडे नेलं. म्हटलं, ‘अगदी नवं करून द्या.’ त्यानं दिलं. डायल रंगवून पांढरीशुभ्र, केस पॉलिश मारून आरशासारखी. आईनं हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, ‘छान आहे. कुणाचं?’

पुढे जुन्या घड्याळांचा नाद लागला, तेव्हा तो प्रश्न मला कळत गेला. काही जुन्या काळ्या डायली उन्हानं तपकिरी होतात. खरं तर हा रंगातला दोष. पण संग्राहक अशा डायलला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि वर जास्त पैसे मोजतात. काट्यांवरचं आणि आकड्यांवरचं रेडियम एकाच छटेनं पिवळं झालंय का, ते भिंगातून बघतात. छटा वेगळी दिसली तर काटे बदलल्याचा संशय. पॉलिशनं केसच्या धारदार कडा गोल होतात, झिजलेला धातू काही परत येत नाही. आपल्याकडे रंगवून विकलेल्या घड्याळांना तर ते नाक मुरडून ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नकळत मनगट शर्टाच्या बाहीत ओढून घेतलं.

या जगात सोन्याचाही भाव वेगळा. १९४१ साली आलेलं पाटेक फिलिपचं ‘१५१८’ हे मॉडेल बहुतेक सोन्यात बनलं, पोलादातली चारच माहीत आहेत. त्यांतलं एक २०१६ मध्ये जिनिव्हात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. रोलेक्स डेटोनाच्या एका वेगळ्या ढंगाच्या डायलला साठच्या दशकात गिऱ्हाईक मिळेना. ती घड्याळं खपली नाहीत म्हणून थोडी बनली, आणि थोडी बनली म्हणून आज दुर्मीळ. त्यांतलंच एक अभिनेता पॉल न्यूमनच्या मनगटावर होतं. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १ कोटी ७७ लाख ५२ हजार ५०० डॉलर आले. मोटारींच्या शर्यतीत उतरणाऱ्या नवऱ्यासाठी जोॲन वुडवर्डनं घड्याळाच्या मागच्या झाकणावर कोरून घेतलं होतं : गाडी जपून चालव, मी. सही म्हणून नुसतं ‘मी’. बायकोला नवऱ्यापाशी नाव कशाला लागतं?

घड्याळ वेळ दाखवतं म्हणून कुणी एवढे पैसे देत नाही. वेळ मोबाइलही दाखवतो. त्या वस्तूवरून जो काळ गेला, तो कुणी पुसला नाही, याचे ते पैसे. मी मात्र पदरचे पैसे देऊन तो पुसून घेतला होता.

गेल्या वर्षी घड्याळ मागे पडू लागलं, म्हणून एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्यानं मागचं झाकण उघडलं, भिंग डोळ्याला लावलं आणि हसला. ‘हे बघा.’ झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं ओरखडलेल्या बारीक खुणा होत्या. घड्याळ उघडणारा प्रत्येक कारागीर आपली खूण आणि साल टाकून गेला होता. ७१. ७८. ८६. बाबा दर काही वर्षांनी ते साफ करून घेत, हे मला ठाऊकही नव्हतं. पॉलिशवाल्याचा हात तिथवर पोचला नव्हता.

‘डायल जुनी दिसेल अशी करून देऊ?’ त्यानं विचारलं.

‘नको. नुसतं तेल घाला.’

त्यानं तेल घातलं. मग सुई घेऊन ८६ च्या खाली त्यानं आपली खूण ओढली.