तांबडी रेघ

कोणतेही नवे यंत्र पाहिले, की माणसाच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो त्याच्या वेगाविषयी. ते किती वर्षे चालेल, हा प्रश्न बहुधा ते बंद पडल्यावर सुचतो. वस्तुतः या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी लिहिलेले असते. मोटारीच्या किंवा फटफटीच्या तबकडीवर फेऱ्यांचे आकडे संपत येतात, तेथे एक तांबडी रेघ ओढलेली दिसते. पुष्कळ जण तिला इंजिनाच्या शक्तीची सीमा समजतात. मला ती कारखानदाराच्या वचनाची सीमा वाटते. येथवर जबाबदारी माझी; पुढे तुम्ही आणि तुमचे नशीब!

ही रेघ का ओढावी लागते? इंजिनातला दट्ट्या एकाच दिशेने धावत नसतो. तो वर जातो, क्षणभर थांबतो, उलटतो. खाली येऊन पुन्हा तेच करतो. शेतावरचे पाच अश्वशक्तीचे साधे डिझेल इंजिन घ्या. मिनिटाला 1500 फेरे म्हणजे सेकंदाला 25, आणि तेवढ्या अवधीत दट्ट्या 50 वेळा थांबून माघारी वळतो. त्याची चाल 110 मिलिमीटरची असली, तर वरच्या टोकाशी किलोभर वजनाच्या दट्ट्याला आवरून परत फिरविण्यास सुमारे 170 किलो वजनाइतका जोर लागतो. हा सारा ताण कनेक्टिंग रॉड आणि त्याचे बोल्ट सोसतात. शिवाय हा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग सव्वापट केला, तर ताण दीडपटीहून अधिक. वेग दुप्पट, तर ताण चौपट. आठ तासांच्या दिवसात असे इंजिन 7,20,000 फेरे घेते. जो ताण एकदा सहज निभावतो, तोच लाखो वेळा बसला म्हणजे पोलादात केसासारखा तडा जातो आणि तो मुकाट्याने वाढत राहतो. म्हणून एक वेळ चालले, एवढ्यावरून रोज चालेल असे अनुमान काढता येत नाही.

हे अनुमान किती महाग पडते, ते मी वाशीम जिल्ह्यात, कारंज्याच्या बाजूला एका मळ्यात पाहिले. मी तेथे पाहुणा होतो. गहू ओंबीवर आला होता; वीज रात्रीची, आणि तीही तुटक. म्हणून घरच्यांनी भाड्याचे डिझेल इंजिन विहिरीवर बसविले होते. इंजिनाचा वेग बेताचा राखावयाचे काम गव्हर्नरचे. जेम्स वॉटने 1788 मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांची ही युक्ती जोडली. आजच्या इंजिनात तीच गोष्ट लहानशी वजने आणि एक स्प्रिंग यांच्याकडून साधते. घरच्या तरुण मुलाने ती स्प्रिंग ताणली. पाण्याची धार तत्काळ जाड झाली आणि सर्वांस आनंद झाला. त्याचे वडील तेवढे कान देऊन म्हणाले, “धार वाढली बापा, पण आवाज बदलला.”

आवाजाने खरे तेच सांगितले होते. पंपाचा ढोबळ हिशेब असा, की वेग सव्वापट केला म्हणजे पाणीही जेमतेम सव्वापट मिळते. शक्ती मात्र जवळजवळ दुप्पट खर्ची पडते. तिसऱ्या दिवशी रॉड तुटला आणि इंजिनाची कूस फोडून बाहेर आला. पिकाचे पाणी आठ दिवस लांबले, दाणा बारीक पडला, आणि परक्याच्या इंजिनाची भरपाई त्याच गव्हातून करावी लागली.

कोणी म्हणेल, हा विवेक शेतावरच्या साध्या इंजिनाला शोभतो. शर्यतीच्या इंजिनाला मर्यादेचे काय होय? तर फॉर्म्युला वनचा इतिहास पाहावा. 1980 नंतरच्या दशकात तेथे पात्रता-फेरीपुरती इंजिने बांधीत. चार-दोन फेऱ्या मारल्या, की त्यांचे आयुष्य सरे. पुढे आठ सिलिंडरांच्या इंजिनांनी मिनिटाला 20,000 फेरे गाठले. मग नियमच बदलले. 2007 मध्ये मर्यादा 19,000 झाली. 2009 मध्ये ती 18,000 वर आली, आणि त्याच वर्षी एका चालकाने साऱ्या हंगामात आठच इंजिने वापरावीत असेही ठरले. 2014 पासून ती 15,000 झाली. 18,000 फेऱ्यांना दट्ट्यावर स्वतःच्या वजनाच्या आठ हजार पटींहून अधिक ताण येतो. असे इंजिन अनेक शर्यती टिकवावयाचे, तर फेरे आवरणे आलेच. वेग हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांनाही टिकाऊपणाची किंमत वेगातच मोजावी लागली!

आमच्या कारंज्याला ही गोष्ट सांगण्यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नव्हते. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावरची अरुंद रुळांची ‘शकुंतला’ कारंज्यावरूनच जात असे. मँचेस्टरला 1921 मध्ये बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1923 मध्ये कामावर रुजू झाले आणि 15 एप्रिल 1994 रोजी निवृत्त झाले. तिच्या मंद चालीची लोकांनी मनमुराद थट्टा केली. परंतु सत्तर वर्षांवर चाकरी करणाऱ्या इंजिनापाशी थट्टा ऐकून घेण्याइतका वेळ खचित होता.

आता त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. डिसेंबर 2022 मध्ये त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा मिळाली. एवढ्या वेगातही बहुतेक मोटारींची सुई तीन हजार फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे तांबड्या रेघेच्या अर्ध्या वाटेवरच असते. उरलेली अर्धी वाट मोकळी पाहून तरुण मंडळींचा पाय शिवशिवतो, हे मी जाणतो. पण ती वाट रिकामी पडलेली नाही. तिच्याच भरवशावर आपण रात्री बायकामुलांना घेऊन नागपुराहून निघतो आणि पहाटे घरी पोहोचू, असे निःशंक सांगतो.