अंश महत्त्वाचा

डीपीपीसी या लिपिडचा पातळ थर काचेच्या गोल चंबूत आतून चढवला, की त्यावर ओतायचं पाणी गरमच हवं, साधारण ५० अंशांचं. गार पाण्यात थर काचेला धरून बसतो, नाहीतर त्याचे पापुद्रे निघतात. गरम पाण्यात तो फुगतो आणि चंबू फिरवताच पाणी दुधाळ होतं. हात बसलेला माणूस त्या रंगावरूनच ओळखतो, की लायपोसोम झाले. लिपिडच्या दुहेरी थरांच्या या सूक्ष्म पिशव्या केंब्रिजजवळच्या बाब्रहॅममध्ये ॲलेक बँगहॅम यांनी १९६०च्या दशकात ओळखल्या. औषध पेशीपटलाशी कसं वागतं, हे पाहायला त्या आजही हाताशी असतात.

डीपीपीसीच्या रेणूंच्या शेपट्या ४१ अंशांखाली ताठ, एकमेकींना खेटून असतात. त्यापुढे त्या सैल पडतात, पटल प्रवाही होतं आणि औषधाला शिरायला वाव मिळतो. डायब्युकेनसारखं भुलीचं औषध मिसळलं तर हा बदल ४१च्या आधीच होतो; कॅलरीमीटरच्या आलेखावरचं त्याचं टोकदार शिखर डावीकडे सरकतं, पसरट होतं. बदलाच्या ऐन टप्प्यावर तर पटल सर्वांत जास्त गळतं, कारण ताठ आणि सैल भागांच्या सांध्यांतून आतला पदार्थ झिरपतो. मिल्टन यॅटविन आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडलेले, ऊब दिली की औषध सोडणारे लायपोसोम याच गुणावर बेतलेले होते.

डीएमपीसी हे दुसरं लिपिड मात्र २४ अंशांच्या आसपासच बदलतं, म्हणजे थेट मुंबई-पुण्याच्या एसी खोलीत! एसी नुकताच लावलेला असतानाची मोजणी दुपारच्या मोजणीशी जुळत नाही आणि शंका विनाकारण औषधावर घेतली जाते.

याहून गंभीर गोष्ट वेगळी आहे. देहाच्या ३७ अंशांना शुद्ध डीपीपीसी अजून ताठच असतं. जिवंत पेशीचं पटल तेव्हा प्रवाही असतं, आणि त्यातल्या कोलेस्टेरॉलमुळे असा एका झटक्यात होणारा बदल तिथे दिसत नाही. तरीही शिखर सुबक येतं म्हणून डीपीपीसीच घ्यायचं आणि निष्कर्ष पेशीला लावायचा, ही सवय सोडायलाच हवी.

पेशीबद्दल बोलायचं असेल तर शून्याखालीच प्रवाही होणारं पीओपीसी हे लिपिड घ्यावं, त्यात कोलेस्टेरॉल मिसळावं. आणि वहीत नुसतं ‘खोलीचं तापमान’ लिहू नये. कुपीतल्या द्रवात तापमापी बुडवून दिसेल तो अंश लिहावा.